हाक न मारणारी पोर

"नको भावजी! तिला नको! अवो, ती भेतीय!"

अंजना विहिरीच्या काठावरून ओरडली खरी, पण तोवर हौशीरामने पोरीला बगलेत धरून झोका दिला आणि पाण्यात सोडलंसुद्धा.

धप्प!

डिंगोऱ्यात पोरं अशीच पोहायला शिकतात. मे महिना लागला की पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. पोर खाली जातं, डबा त्याला वर आणतो, वर आल्या आल्या ते 'आई मेलोऽऽ' म्हणून असा गळा काढतं की पलीकडच्या वावरातली माणसं माना वर करतात. काठावरचे सगळे हसतात. आणि आठवडा सरायच्या आत तेच पोर त्याच काठावरून सूर मारत असतं. हौशीराम म्हणजे अंजनाचा थोरला दीर. भावकीतली निम्मी पोरं त्यानेच अशी पाण्याला लावली होती, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

अंजना मात्र आणे गावची. पठारावरच्या त्या गावात पाणी बघायचं ते हंड्यात, नाहीतर टँकरच्या नळीला. लग्न होऊन डिंगोऱ्यात इतकी वर्षं झाली तरी विहिरीचं हिरवंगार, खोल, गप्प पाणी बघितलं की ती मागे सरायची. आत्ताही ती काठापासून चांगली हातभर लांब उभी होती आणि मान तेवढी पुढं काढून बघत होती.

डबा वर आला.

नुसता डबा. त्याच्यामागे सुटलेली दोरी सापासारखी पाण्यावर वळवळत होती.

"आप्पा, श्रेया कुठंय?" हौशीरामचा पोरगा आदेश म्हणाला, आणि काठावरचं हसू एकदम थांबलं.

हौशीरामने बुडी मारली. वर आला, श्वास घेतला, परत गेला. दोन पोरं त्याच्यामागून उड्या टाकून गेली. काठावरच्या बाया, पोरं, गडी सगळे एकाच वेळी ओरडू लागले, "श्रेया! ए श्रेया! पोरी, आवाज दे गं!" विहिरीच्या भिंतींवर आपटून ते नाव परत वर येत होतं.  अंजनाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: दिवाळीला आणली आपण. दिवाळीला आणली आणि मे महिन्यात घालवली.

"आप्पाऽ! ती बघा! पायपाच्या मागं!"

आदेशचं बोट पलीकडच्या कोपऱ्याकडे होतं. मोटारीचा पाइप जिथं पाण्यात उतरतो, तिथं दगडाची कपार आहे आणि भरदुपारीसुद्धा अंधार असतो. त्या अंधारात पाइपला दोन्ही हातांनी मिठी मारून श्रेया होती. पाणी हनुवटीला लागलेलं. डोळे टक्क उघडे. तोंड घट्ट मिटलेलं.

ती पहिल्यापासून तिथंच होती. सगळा गाव आपल्या नावाने ओरडतोय हे तिने सगळं ऐकलं होतं, आणि साधं 'ओ' म्हटलं नव्हतं.

हौशीरामने तिला खांद्यावर घालून वर आणली. घाबरला तोही होता, पण ते लपवायला तो मोठ्यांदा हसला. "आरं, वाघीण हाय ही! बघितलं का? रडली बी न्हाई! न्हाईतर आमचा आदेश, गुडघाभर पाण्यात बोंबललेला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, शहरातली असून लई धीट. अंजनाने पदराने पोरीचं डोकं खसाखसा पुसलं, तिला पोटाशी धरलं, आणि तिच्या कानात विचारलं, "आगं, सगळी वरडत व्हती की तुला. आवाज का न्हाई दिलास?"

श्रेयाने वर बघितलं. बाईंनी वर्गात प्रश्न विचारल्यावर द्यावं तसं नीट, समजावून उत्तर दिलं.

"मी धरून बसले होते ना. आणि तुम्ही सगळे कामात होता."

*

आता अंजनाची गंमत अशी, की रडणं हा तिचा धंदाच होता. अंगणवाडीत ती मदतनीस. सकाळी झाडून काढायचं, खिचडी शिजवायची, आणि रडणारी पोरं मांडीवर घ्यायची. खिचडी ढवळताना पाठीमागे कोण रडतंय आणि कशासाठी, ते तिला मान न वळवता कळायचं. हे भुकेचं. हे झोपेचं. हे नुसतं नाटक, आई दारातून गेली की थांबेल. आणि पोरं तिच्या मांडीवर बसून हाका मारायची त्या कुणाला? आपापल्या आयांना. "आईऽऽ, ये नाऽऽ!" अंजना त्यांचं नाक पुसायची आणि म्हणायची, "येती हां, येती तुझी आई." लग्नानंतरची तिची सगळी वर्षं हे म्हणण्यात गेली होती.

मग गोरखने मनावर घेतलं. गोरख म्हणजे तिचा नवरा, जुन्नरला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करून देणाऱ्या दुकानात कामाला. गडी बोलायला कमी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. मूल दत्तक घ्यायचं म्हणून पुण्याच्या अनाथ मुलांच्या संस्थेत चकरा मारल्या, आणि ऐन दिवाळीत सहा वर्षांची श्रेया एसटीतून डिंगोऱ्यात उतरली. दोन वेण्या, लाल चप्पल, आणि कुणी विचारलं की लगेच पूर्ण नाव सांगायचं.

काय गुणाची पोर म्हणून सांगू! ताटात पडेल ते खायची. कारल्याची भाजीसुद्धा! उठली की अंथरुणाची घडी. अंघोळ झाली की फ्रॉक पिळून दोरीवर. हट्ट नाही, रुसवा नाही, खोटं बोलणं नाही. सासूबाई सारजाबाई, ज्यांनी आधी 'कुठली कोण' म्हणून तोंड फिरवलं होतं, त्या आता आल्या-गेल्याला बोलावून दाखवायच्या. "अशी पोर शोधून घावायची न्हाई. घरात हाय का न्हाई ते बी कळत न्हाई!"

तेच तर. घरात आहे की नाही ते कळत नव्हतं.

कारण श्रेया हाक मारायची नाही. तिला काही हवं असलं की ती येऊन उभी राहायची. अंजना चुलीपुढे असली की दारात. गोठ्यात असली की खुंटीशी. कितीतरी वेळ. तुमची नजर जाईपर्यंत. एकदा थंडीत ती अशीच दाराशी उभी होती, आणि अंजनाने वळून बघितलं तेव्हा पोरीच्या अंगात सणकून ताप होता. "आगं, कधीपास्नं उभी हायस?" "आत्ताच आले," श्रेया म्हणाली.

आणि एक चप्पल. रात्री झोपताना ती लाल चप्पल उशाशी ठेवायची. दोन्ही टाचा जुळवून, तोंडं दाराकडे. सारजाबाई म्हणाल्या होत्या, संस्थेची शिस्त हो. अंजनालाही तसंच वाटलं होतं. उलट तिला अभिमानच होता! भावकीतल्या बायांना ती टेचात सांगायची, "तुमची पोरं चपला हरवत्यात, आमची उशाला घिऊन झोपती."

त्या संध्याकाळी, विहिरीवरून आल्यावर, श्रेयाने ओला फ्रॉक स्वतः पिळला, झटकला, दोरीवर घातला. जेवली. ताट घासायला ठेवलं. आणि अंथरुणावर जाऊन चप्पल उशाशी लावली. टाचा जुळवून. तोंडं दाराकडे.

अंजना भाकरीचं पीठ मळता मळता थांबली. विहिरीवर वाटली त्यापेक्षा मोठी भीती तिच्या पाठीतून सरकत गेली. ही शिस्त नाही. कुणी 'चल' म्हटलं की लगेच पायात घालता याव्यात म्हणून त्या तिथं आहेत. ही पोर इथं राहायला आलेलीच नाही.

"अवो," ती ओसरीवर गोरखच्या शेजारी जाऊन बसली, "ती बुडली असती, तरी तिनं आवाज दिला नसता."

"गप बस. बुडली न्हाई ना."

"पर दिला नसता. मरून गेली असती, गपचिप."

गोरखने विडी विझवली. त्याचा चेहरा अंधारात नीट दिसत नव्हता, पण आवाज खाली आला होता. "हे बघ, परवा त्या शीलाताई यायच्यात पुण्याहून. जूनमदी कोर्टाची तारीख हाय. इहिरीचं एक अक्षर त्यांच्याम्होरं काढायचं न्हाई. पोरगी इहिरीत टाकली म्हणल्यावर कोण ठिवंल आपल्याकडं? घिऊन जात्याल. तवाच्या तवा."

घेऊन जातील. बस्स, तो शब्द अंजनाला पुरला. तशी ती भित्रीच. उसातल्या बिबट्याला भ्यायची, विजेला भ्यायची, टेलिफोन वाजला तरी दचकायची. पण हे भिणं वेगळं होतं. हे पोटातच बसून राहिलं, जेवताना, निजताना, खिचडी ढवळताना. घेऊन जातील.

*

शीलाताई दुपारच्या गाडीने आल्या. खांद्याला शबनम, कपाळाला घाम. संस्थेच्या त्या कार्यकर्त्या. मूल घरी रुळतंय का ते बघायला मधून मधून यायच्या आणि कोर्टाला कळवायच्या. सारजाबाईंनी गुळाचा चहा केला. श्रेयाने नमस्कार केला, पूर्ण नाव सांगितलं, पाढे म्हटले, आणि 'जा खेळ' म्हटल्यावर अंगणात जाऊन एका जागी बसली.

"छान दिसतेय," शीलाताई म्हणाल्या. "वजन वाढलंय. त्रास देते का?"

"छ्या!" अंजना घाईने म्हणाली. "कसला तरास? लई गुणाची."

"हट्ट करते?"

"न्हाई वो."

"रडते कधी?"

"आजाबात न्हाई!" अंजनाच्या तोंडून ते इतकं झोकात बाहेर पडलं, जसं काही पहिला नंबर आलाय. "आल्यापास्नं एकदा बी न्हाई!"

शीलाताईंनी कप खाली ठेवला. "एकदासुद्धा नाही?"

त्यांनी काही रागाने विचारलं नव्हतं. पण अंजनाने त्यांच्याकडे बघितलं, आणि पलीकडे अंगणात गुडघे जवळ घेऊन बसलेल्या पोरीकडे बघितलं. गोरख दारात उभा राहून डोळ्यांनी 'नको, नको' करत होता. तिला तो दिसत होता. तरी तिचं तोंड थांबलं नाही.

"ताई, आमी तिला इहिरीत टाकली," ती म्हणाली. "म्हंजे पवायला. डबा सुटला. ती पायपाला धरून बसली, आन् आमी सगळी वरडतोय तर ती बोलंना. तिला न्यायची तर तुमी न्या, पर मला आधी सांगा, ती का बोलली न्हाई? तिला मरायची भीती वाटत न्हाई का?"

गोरखने डोक्याला हात लावला आणि उंबऱ्यावर खाली बसला.

शीलाताईंनी खांद्यावरची शबनम काढून खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भीती वाटते हो. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वाटते. पण अंजनाताई, ती आमच्याकडे आली तेव्हा तान्ही होती. मोठी खोली, ओळीने पाळणे, आणि सांभाळायला दोन बायका. त्या तरी किती जणांकडे धावणार? बाळ रडतं, रडतं, आणि कुणी आलं नाही की एक दिवस रडायचं सोडून देतं. आम्ही म्हणतो, शांत झालं. ते शांत झालेलं नसतं. त्याने आशा सोडलेली असते."

अंगणात कोंबडी फडफडली. श्रेया जागची हलली नव्हती.

"मग मी काय करू?" अंजनाने विचारलं. "आवशिद हाय का काही?"

"औषध कुठलं! नक्की काय कराल ते मलाही सांगता यायचं नाही. विहिरीत ढकलू मात्र नका. भीती अशी ढकलून जात नाही, ती खोल जाऊन बसते." मग त्यांनी एकदम विचारलं, "तुम्ही घाबरलात की काय करता?"

"मी? मी बोंबलती की! झुरळ दिसलं तरी शेजारी गोळा व्हत्यात."

"श्रेयासमोर?"

अंजना थांबली. आठवून बघितलं. विहिरीवरचं ते 'नको भावजी' सोडलं, तर दिवाळीपासून ती एकदाही ओरडली नव्हती. वीज कडाडली तेव्हा दात दाबून बसली होती. गोरखशी भांडली नव्हती. सासूवर चिडली नव्हती. सगळं कसं गोड गोड, हळू हळू. कोर्टाला कळलं, ही बाई अशी भित्री, अशी तोंडाळ, तर पोर देणार नाहीत म्हणून.

"न्हाई," ती हळूच म्हणाली. "तिच्याम्होरं मी शाण्यावानी राहती."

"ती पण तसंच राहतेय, नाही का?" शीलाताई म्हणाल्या आणि उठल्या. गाडीची वेळ झाली होती.

जाताना दाराशी गोरखने हात जोडले. शीलाताईंनी सांगितलं, "मला विहिरीचं कळवावं लागेल. तुम्ही होऊन सांगितलंत, तेही कळवीन." एवढंच. त्यातून काय समजायचं, ते नवरा-बायकोला रात्रभर कळलं नाही.

*

पुढच्या गुरुवारी दुकानाला सुट्टी होती, आणि त्या दिवशी डिंगोऱ्याने जे बघितलं ते अजून लोक सांगतात.

अंजना विहिरीत उतरली.

नऊवारी सासूची, कासोटा घट्ट, पाठीला एक नाही तर दोन डबे. डबे जावेने बांधले, आणि बांधता बांधता हसून हसून तिच्याच पोटात दुखायला लागलं. धाकट्या भावजयीसमोर थोरल्या दिराने असं येणं बरं नव्हे, म्हणून हौशीराम मोटारीच्या खोलीमागे पाठ करून बसला होता. पण त्याचं शिकवायचं काही सुटेना. तिकडूनच ओरडत होता, "हात मारायचं! पाय जोडायचं न्हाई, बेंडकावानी सोडायचं!"

गोरख खालच्या पायरीशी पाण्यात उभा होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "आगं, कशाला हे थेर? बाया हसत्यात."

"हसू द्या."

अंजनाने श्रेयाला पाण्याच्या वरच्या पायरीवर बसवलं आणि तिच्या हातात एक दोरी दिली. दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलेलं. "हे बघ बाय. मी लई भित्री हाय. मला पवता येत न्हाई. मी हाक मारली की दोरी वडायची. मारणार मी. लाजणार न्हाई. वडशील ना?"

श्रेयाने मान डोलावली. आणि दोरी मनगटाला दोनदा गुंडाळून घेतली.

अंजनाला वाटलं होतं, थोडं नाटक करावं लागेल. पोरीला दाखवायला थोडं ओरडू, बस्स. पण शेवाळलेल्या पायरीवरून पाय सुटला, थंड पाणी छातीवर चढलं, पायाखाली काही लागेना, आणि नाटक गेलं उडत! आण्याच्या पठारावरची सगळी तहान एका दमात तिच्या नाकातोंडात शिरली. गोरख हातभरावर होता, तो तिला दिसलाच नाही.

"आई गंऽऽऽ! मेले! श्रेयाऽऽ! श्रेया पोरी, वड गं! वड मला! बुडले मीऽऽ!"

वावरातली माणसं माना वर करून बघायला लागली. मोटारीच्या खोलीमागून हौशीराम विचारत होता, "काय झालं? काय झालं? येऊ का?" जाऊ हसायची थांबली.

श्रेया उठून उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक. तिने आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी मोठं माणूस जातंय का म्हणून. मग दोरीकडे बघितलं. आणि मग ती दोन्ही पाय पायरीत रोवून, सगळं अंग मागे टाकून, दात-ओठ खाऊन ओढायला लागली. गोरखने पाण्यातून अंजनाला मागून रेटलं होतं, पण ते श्रेयाला दिसलं नाही. तिला दिसलं ते हे, की ओढलं तसं माणूस काठाला आलं.

अंजना पायरीला चिकटून धापा टाकत होती. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, कुंकू गालावर. तिला हुंदका आवरेना आणि तिने तो आवरलाही नाही.

श्रेया तिच्याजवळ उकिडवी बसली. पहिल्यांदाच, आपण होऊन, इतकी जवळ. "तुम्ही खरंच घाबरलात?"

"खरंच. लई."

"मोठी माणसं पण घाबरतात?"

"मोठी तर जास्तच."

"पण सगळे हसले."

"हसले की. मला काय त्याचं? तू वडलंस ना."

श्रेयाने मनगटावरची दोरी सोडवली. तिथं लाल वळ उमटला होता. तो अंगठ्याने चोळत ती म्हणाली, "मग हाक मारली तर... कामात असलं तरी येतात?"

अंजनाने मान डोलावली, आणि तिच्या केसातलं पाणी श्रेयाच्या गुडघ्यावर टपटप पडलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हा कार्यक्रम. अंजना पाण्यात आणि श्रेया दोरीला. गावातल्या पोरांना तर खेळच मिळाला. अंजना रस्त्याने दिसली की आदेश आणि मंडळी सुरात ओरडायची, "श्रेयाऽऽ, वड गं!" आणि घरातसुद्धा अंजनाचं तोंड सुटलं ते सुटलंच. पाल दिसली, ओरड. दूध उतू गेलं, ओरड. सारजाबाई कानांवर हात ठेवून म्हणायच्या, "बया बया, मागली अंजना परत आली!" श्रेया आधी दचकायची. मग नुसती बघायची. मग एकदा, पालीच्या वेळी, ती खुदकन हसली आणि झाडू घेऊन आली.

आठवडाभरात ती आपणहून पाण्यात उतरली. डबा बांधायला तिने गोरखला सांगितलं आणि गाठ तीनदा तपासायला लावली. पोहायला लागली. पण हाक? हाक नाही. नाका-तोंडात पाणी गेलं तरी खोकत खोकत काठाला यायची, तोंड मिटून. अंजना पायरीवर बसून वाट बघायची. तिचं काळीज प्रत्येक वेळी पाण्यात जायचं आणि रिकामं परत यायचं.

मधे कोर्टाची तारीख आली आणि पुढे गेली. चप्पल अजून उशाशी होती.

*

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस. दुपार टळलेली. अंजना चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. गोरख जुन्नरला, सासूबाई ओसरीवर वाती वळत बसलेल्या. श्रेया आदेशबरोबर विहिरीवर गेली होती. हौशीराम होता तिथं, तरी अंजनाचा एक कान तिकडेच होता. तो कान कधी घरात यायचाच नाही.

आणि तिकडून आवाज आला.

"आईऽऽऽ!"

हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. विहिरीकडून! डबा, दोरी, पाइप, ते टक्क उघडे डोळे, सगळं एकदम अंजनासमोर आलं. ती उठली, ठेचकाळली, पिठाच्या हातांनी चौकट धरली.

"आईऽऽऽ! अगं येऽऽ ना!"

चौकटीला धरून ती तशीच थबकली. कान तयार होता तिचा. वर्षानुवर्षं पोरांच्या गर्दीत तयार झालेला. हे बुडणाऱ्याचं ओरडणं नव्हतं. हे भुकेचं नव्हतं, दुखण्याचं नव्हतं. ही हाक चिडलेली होती, लांबवलेली होती, 'किती वेळ झाला, कुठं मेलीस' अशी होती. असली हाक तिला चांगली ओळखीची होती. अंगणवाडीत रोज मांडीवर ऐकायची ती. दुसऱ्यांच्या आयांसाठी.

"येती तुझी आई," तिच्या तोंडून सवयीने निघालं. आणि मग ती धावली. अनवाणी, पिठाचे हात, पदर सुटलेला. मागे भाकरी करपल्याचा वास सुटला, तो सुटू दे.

श्रेया विहिरीच्या काठावर उभी होती, निथळत, एका पायावर. नाक लाल, ओठ थरथरत होते रागाने.

"किती वेळची बोलवतेय! तू येतच नाहीस! आदेशने माझी चप्पल टाकली पाण्यात!" आणि मग ती रडली. काय रडली! तोंड वासून, पाय आपटून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं भोकाड पसरून. आदेश बिचारा घाबरून बाभळीमागे गेला. हौशीराम चप्पल काढायला कपड्यांनिशी पाण्यात उतरला.

अंजनाने पोरीला उचललं. सहा वर्षांची, ओली, लाथा झाडणारी पोर चांगली जड लागते. घरापर्यंत तिने तिला खाली ठेवलं नाही, आणि 'रडू नको' असंही म्हटलं नाही.

रडून रडून श्रेया अंधार पडायच्या आधीच झोपली. न जेवता, पहिल्यांदाच. हौशीरामने काढून हातात दिलेली चप्पल आणि पायातली दुसरी, दोन्ही तिने घरात शिरताना कुठंतरी भिरकावून दिल्या होत्या. सारजाबाई दिवा लावायला उठल्या आणि अडखळल्या. एक चप्पल तुळशीपाशी होती. दुसरी बरोबर उंबऱ्यात, उलटी.

"आगं अंजना, सरळ कर की ती," त्या म्हणाल्या. "उलटी चप्पल असली की घरात भांडणं व्हत्यात."

अंजनाने उंबऱ्याकडे बघितलं. लाल चप्पल, पोट वर करून पडलेली, टाचेला विहिरीचा चिखल.

"व्हऊ द्या की, आत्याबाई," ती म्हणाली, आणि चप्पल ओलांडून आत गेली.